प्रश्नपेटीतल्या चिठ्ठ्या : सांगलीतील एका शाळेने घेतलेल्या व्यसनप्रतिबंध कार्यशाळेचे परीक्षण

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी सांगलीलगतच्या कुपवाडमधून मेफेड्रोन या अमली पदार्थाचा मोठा साठा जप्त केला, पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी गावात छापा घातला आणि जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत तर हा पदार्थ तयार करणारा कारखानाच उघडकीस आला. या तीन बातम्यांपूर्वी आमच्या पालकसभेत अमली पदार्थांचा विषय कधी निघाल्याचे मला आठवत नाही. त्यानंतर मात्र तो प्रत्येक सभेत निघू लागला आणि "शाळा याबाबत काय करणार आहे?" या प्रश्नाला काहीतरी ठोस उत्तर देणे भाग पडले. मी विश्रामबाग परिसरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत गेली सतरा वर्षे विज्ञान शिकवते. मुख्याध्यापिकाबाईंनी हे काम माझ्याकडे सोपवल्यामुळे इयत्ता सातवी ते नववीसाठी आम्ही घेतलेल्या व्यसनप्रतिबंध कार्यशाळेची सर्व सत्रे मी मागच्या बाकावर बसून पाहिली. अशी सेवा शुल्क भरून घेण्याचा विचार करणाऱ्या अन्य शाळांना उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. कार्यशाळा घेणाऱ्या संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या त्रुटी लिहिल्या आहेत त्या मी त्यांना लेखी कळवल्या आहेत आणि त्यांतील काही दुरुस्त करण्याचे त्यांनी मान्यही केले आहे.

आमच्यासमोर तीन प्रस्ताव होते. पहिला २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाचे निमित्त साधून मैदानावर सगळ्या शाळेला एकत्र बसवून एक तासाचे विनामूल्य व्याख्यान आणि शेवटी सामूहिक शपथ असा होता. दुसऱ्यात एक चित्रफीत आणि फलकांचे प्रदर्शन होते. तिसऱ्यात प्रत्येक तुकडीसाठी स्वतंत्रपणे आठवड्याला एक अशी ऐंशी मिनिटांची सहा सत्रे, बत्तीस पानांची पुस्तिका, एक प्रश्नपेटी आणि पालकांसाठी एक बैठक यांचा समावेश होता आणि त्याचे शुल्क विद्यार्थ्यामागे १२० रुपये होते. फुकट मिळणारे सोडून पैसे कशाला मोजायचे, असे शाळा समितीत दोघांनी विचारले. मैदानावर हात पुढे करून शपथ घेणाऱ्या सहाशे मुलांपैकी एकाच्याही मनात काय चालले आहे ते कोणाला कळत नाही, एवढेच मी त्यावर म्हणाले. निम्मी रक्कम माजी विद्यार्थी संघाने उचलली, निम्मी पालकांनी दिली आणि चार तुकड्यांतील १४२ मुला-मुलींसाठी शनिवारच्या जोडतासिका ठरल्या.

सत्रे घेण्यासाठी एक समुपदेशक ताई आणि त्यांचे तरुण सहकारी असे दोघे येत. पहिल्या सत्रात ताईंनी एकाही अमली पदार्थाचे नाव घेतले नाही. त्यांनी प्रत्येकाला सारख्या आकाराची चिठ्ठी दिली आणि मनात असलेला प्रश्न लिहून पेटीत टाकायला सांगितले. ज्याला प्रश्न नसेल त्याने "मला प्रश्न नाही" एवढे तरी लिहायचेच, म्हणजे कोण लिहितो आहे आणि कोण नाही हे शेजारच्याला कळणार नाही, असा नियम होता. ही युक्ती साधी असली तरी या संपूर्ण कार्यशाळेतील सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटली. चिठ्ठ्यांतील मजकूर हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून टाईप करून मला दाखवण्यात आला. मेफेड्रोनबद्दल, म्हणजे मुलांच्या भाषेत 'एमडी'बद्दल, त्यात जेमतेम तीन चिठ्ठ्या होत्या. बाकीच्या चिठ्ठ्यांत टपरीवरचा मावा होता, व्हाइटनरचा आणि पंक्चर काढण्याच्या सोल्यूशनचा वास होता, महाशिवरात्रीची भांग होती, तालमीतल्या दादाची सुई होती, "बाबा रोज पिऊन येतात, मी काय करू?" असे विचारणाऱ्या एकूण सात चिठ्ठ्या होत्या आणि एका मुलीचा प्रश्न असा होता : "आजी मिसरी लावते. माझा दात दुखला की मलाही लावायला देते. हे व्यसन असते का?" पालकांना कुपवाडची भीती वाटत होती, पण मुलांचे प्रश्न स्वयंपाकघरातून, टपरीवरून आणि तालमीतून आलेले होते.

मिसरीच्या प्रश्नावर ताईंनी जवळजवळ अर्धे सत्र खर्च केले आणि ते योग्यच झाले. ज्या घरांत तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात आणि मग ती कुटून डबीत भरतात, त्या घरांतील मुलांना तो वास तंबाखूचा वाटत नाही, सकाळचा वाटतो. आजी ती दातांसाठी लावते, त्यामुळे ती दंतमंजनाच्या रांगेत जाऊन बसते. भाजल्यामुळे तंबाखूतील निकोटीन नाहीसे होत नाही, हिरड्यांच्या आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून ते रक्तात उतरते आणि दुखणारा दात बरा न होता फक्त काही वेळ गप्प बसतो, हे ताईंनी नीट समजावून सांगितले. विशेष म्हणजे हे सांगताना त्यांनी आजीला गुन्हेगार ठरवले नाही. "आजीला कोणी सांगितलेच नव्हते, आणि आता इतक्या वर्षांनी सोडताना तिला त्रास होईल, चिडचिड होईल, डोके दुखेल, तेव्हा घरी जाऊन तिची डबी फेकू नका," असे त्या म्हणाल्या, तेव्हा वर्गातील किमान दहा-बारा चेहरे सैल झालेले मी पाहिले. आमच्या भागापासून निपाणीचा तंबाखूचा पट्टा फार दूर नाही. काही मुलांच्या मामाच्या शेतात हे पीक उभे असते आणि त्याच पैशांतून दिवाळीचे कपडे येतात. अशा मुलांसमोर तंबाखूला राक्षस म्हणून उभे करणे सोपे असले, तरी त्यामुळे ऐकणारे मूल पहिल्या पाच मिनिटांतच मनाने वर्गाबाहेर जाते.

मेंदूवरचे तिसरे सत्र विज्ञानाची शिक्षिका म्हणून मी जरा जास्तच बारकाईने ऐकले. डोपामाइनसाठी 'आनंदाचे रसायन' हा ढोबळ शब्द त्यांनी वापरला, जो मला पसंत नाही. "हे पुन्हा कर" अशी खूणगाठ मेंदूत बांधण्यात त्या रसायनाचा मोठा वाटा असतो आणि नुसत्या आनंदापेक्षा ही गोष्ट वेगळी आहे. परंतु सवय वाढत कशी जाते हे सांगण्यासाठी त्यांनी दिलेले उदाहरण मी आता माझ्या तासाला उचलले आहे. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर दोन तास उभे राहून घरी आले की आईची हाक ऐकू येत नाही. आईचा आवाज तेवढाच असतो, आपले कान बधिर झालेले असतात. मेंदूवरही बाहेरून रसायनांचा असाच मारा होत राहिला, की ते संदेश टिपणारी केंद्रे हळूहळू कमी संवेदनशील होतात, मग पहिल्याएवढे वाटण्यासाठी मात्रा वाढवावी लागते आणि क्रिकेट, आवडती भाजी, मित्राचा विनोद यांसारख्या साध्या गोष्टी फिक्या वाटू लागतात. विचार करून थांबायला लावणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण पक्व होतो, तर धाडसाची आणि बक्षिसाची ओढ तेरा-चौदाव्या वर्षीच जोरात असते, हे सांगताना त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखान्याकडे निघालेल्या, दोन ट्रॉल्या जोडलेल्या उसाच्या ट्रॅक्टरचे चित्र फळ्यावर काढले. इंजिन दणकट आहे, पण ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत. हंगामात सांगलीच्या रस्त्यांवरून सायकलने येणाऱ्या मुलांना याहून अधिक सांगावे लागले नाही.

हुंगण्याच्या पदार्थांबाबत त्यांनी दिलेली माहितीही काटेकोर होती. २०१९ साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात, ज्यांचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळले असे पदार्थ एवढेच होते. व्हाइटनर आणि सोल्यूशन दप्तरात असले तरी कोणाला संशय येत नाही आणि त्यांना पैसेही फारसे लागत नाहीत. या वाफांमुळे हृदयाचे ठोके अचानक बिघडून पहिल्याच वेळीसुद्धा मृत्यू येऊ शकतो, हे ताईंनी आवाज न चढवता सांगितले. भांग चालते तर गांजा का चालत नाही, या प्रश्नाला दिलेले उत्तरही मला आवडले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे येतात आणि नुसती पाने येत नाहीत, म्हणून भांगेचा विषय राज्याच्या कायद्याकडे जातो. पण ही कायद्याने आखलेली रेघ आहे, मेंदू ती ओळखत नाही आणि नशा आणणारा घटक दोन्हींत एकच असतो, असे त्यांनी स्पष्ट केले. तालमीतल्या सुईबद्दल मात्र ताईंनी "मला याची पक्की माहिती नाही, पुढच्या शनिवारी सांगते," असे म्हटले आणि पुढच्या शनिवारी खरोखरच माहिती काढून आणली. शस्त्रक्रियेच्या वेळी भुलेमुळे घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरले जाणारे मेफेंटरमाइन हे औषध व्यायामशाळांतून ताकदीची सुई म्हणून विकले जाते आणि राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी त्याचे साठे पकडले आहेत. निरोगी मुलाच्या हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर त्याचा काय ताण येतो, हे त्यांनी कुस्तीची आवड असलेल्या मुलांना उद्देशून सांगितले. जे माहीत नाही ते कबूल करणाऱ्या प्रशिक्षकावर मुलांचा विश्वास बसतो, हे त्या शनिवारी दिसले.

चौथ्या सत्रातील एक प्रयोग येथे नोंदवायलाच हवा. प्रत्येकाने आपल्याच हाताची मधली तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहायची होती. निरोगी तोंडात ती साधारणपणे सहज जातात. सुपारी चघळणाऱ्यांच्या गालांच्या आतल्या त्वचेखाली तंतू तयार होत जातात, त्वचा ताठर बनते आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते. यासाठी तंबाखूच हवी असे नाही, नुसती सुपारी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध केला आहे, तरीही "यात तंबाखू नाही" असे सांगून गोड सुपारीच्या पुड्या मुलांच्या हातात पडतात. वर्गात हशा पिकला, बोटे तोंडात गेली आणि नववीतील एका मुलाची दोनच बोटे जेमतेम शिरली. ताईंनी ते पाहिले, पण पाहिल्याचे दाखवले नाही. मधल्या सुट्टीत त्यांनी त्याला सहज बोलावून घेतले आणि मग माझ्यामार्फत त्याच्या आईला बोलावून दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाण्याविषयी सुचवले. तो मुलगा आता तिथे नियमित जातो. शुल्कातील प्रत्येक रुपया त्या दिवशी वसूल झाला, असे मी मुख्याध्यापिकाबाईंना त्याच संध्याकाळी म्हणाले होते.

पाचव्या सत्रानंतर मात्र मला हे विधान मागे घ्यावेसे वाटले. त्या सत्रात व्यसनातून बाहेर पडलेल्या एका तरुणाचे अनुभवकथन ठेवले होते. तो प्रामाणिक होता, त्याने सोसलेलेही खरे होते आणि त्याच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु चाळीस मिनिटांपैकी तीस मिनिटे त्याने गोव्याच्या सहली, मोटारसायकली, पोलिसांना दिलेली हुलकावणी आणि पहिल्या वेळी वाटलेला तो 'सुसाट' अनुभव यांवर घालवली, आणि उपचारांचा कठीण भाग दहा मिनिटांत उरकला. सत्र संपल्यावर सातवीतील दोन मुले जिन्यावर त्याच्या चालण्याची नक्कल करताना मला दिसली. त्यांच्या डोळ्यांसमोर देखणा, धीट आणि शेवटी सुखरूप राहिलेला एक नायक उभा राहिला होता. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने प्रतिबंधाचे जे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध केले आहेत, त्यांच्या २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत भीती घालणे, नुसती व्याख्याने देणे आणि पूर्वी व्यसनी असलेल्या व्यक्तींची कथने ऐकवणे यांचा शाळकरी मुलांवर चांगला परिणाम होत नाही, झाला तर उलटाच होतो, असे स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू होऊन देशभर पसरलेला, पोलिसांनी वर्गात येऊन शिकवायचा 'डेअर' हा उपक्रम लोकप्रिय होता, पण त्याच्या जुन्या स्वरूपाचे मूल्यमापन झाले तेव्हा मुलांच्या वागण्यात टिकाऊ फरक आढळला नाही आणि पुढे त्याचा अभ्यासक्रमच बदलावा लागला. एवढे सगळे उपलब्ध असताना आपल्याकडे अजूनही अनुभवकथन हा कार्यक्रमाचा कळस मानला जातो, याचे मला आश्चर्य वाटते. पालकांच्या बैठकीत हेच कथन ठेवले असते तर ते फार उपयोगी पडले असते.

त्याच सत्रात पडद्यावर दाखवलेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या चित्रांविषयी थोडक्यात लिहिते. दोन मुलींना मळमळले, मागच्या बाकावरच्या मुलांनी कोणाचे चित्र अधिक भयंकर यावर पैजा लावल्या आणि ज्या मुलाच्या आजोबांवर मिरजेत याच आजाराचे उपचार चालू होते, तो पुढचे दोन दिवस शाळेत आला नाही. संस्थेने ही चित्रे वगळण्याचे मान्य केले आहे.

पुस्तिकेबद्दल माझी तक्रार भाषेची आहे, आणि मराठीच्या शिक्षिका असलेल्या माझ्या सहकारी बाईंची तर ती माझ्याहूनही तीव्र आहे. कोणत्या तरी इंग्रजी पुस्तिकेचे शब्दाला शब्द ठेवून केलेले हे भाषांतर आहे, हे पहिल्याच पानावर कळते. 'पदार्थ दुरुपयोग', 'समवयस्क दबाव', 'तीव्र लालसा व्यवस्थापन' असे शब्द चौदा वर्षांच्या मुलाने वाचायचे कसे? मित्रांनी भरीस घालणे, आग्रहाला बळी पडणे, हे आपल्याकडे लोक रोज बोलतात. पुस्तिकेतील प्रसंगांत रिया आणि आर्यन वाढदिवसाच्या पार्टीला एका आलिशान फ्लॅटमध्ये जातात आणि तिथे एक अनोळखी माणूस त्यांना गोळी देऊ करतो. आमच्या मुलांना पहिली पुडी अनोळखी माणसाने दिलेली नसते. ती जत्रेत चुलतभावाने दिलेली असते, मंडळाच्या मांडवात रात्री जागरणाला थांबलेल्या मोठ्या मुलाने दिलेली असते, किंवा "जा रे, टपरीवरून माझी पुडी घेऊन ये, उरलेले दोन रुपये तुला," असे म्हणणाऱ्या काकांनी तिची ओळख करून दिलेली असते. आलिशान फ्लॅटमध्ये नाही म्हणायला शिकलेला मुलगा काकांना नाही कसे म्हणणार?

ही उणीव सहाव्या सत्राने बरीचशी भरून काढली, कारण त्यात पुस्तिका मिटून ठेवली गेली. मुलांनी स्वतः प्रसंग लिहिले आणि सादर केले. सर्वांत अवघड प्रसंग आठवीतील एका मुलीने लिहिला होता : बाबा सांगतात की दुकानातून तंबाखू आण, आणि नाही म्हटले तर मार बसतो. अशा वेळी बाणेदारपणे नकार देणारी मुलगी रंगवणे सोपे असते. ताईंनी तसे केले नाही. "मार बसणार असेल तर आधी स्वतःला सांभाळ, आणि मग ज्या मोठ्या माणसावर तुझा विश्वास आहे त्याला सांग," असे म्हणून त्यांनी १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक फळ्यावर लिहिला. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखूजन्य पदार्थ विकणे २००३ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार वैद्यकीय कारण नसताना मुलाच्या हाती दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही सांगितले गेले. त्या क्षणी वर्गात शांतता पसरली. अनेकांनी मनातल्या मनात आपापल्या काकांचा हिशेब मांडला असावा.

त्याच दिवशी मुलांनी शाळेच्या फाटकापासून अंतर मोजले. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांनुसार त्या अंतरावर पिवळी रेघ आखायची असते. आमच्या फाटकापासून सर्वांत जवळची टपरी चौसष्ट मीटरवर निघाली. मुलांना फार मोठा शोध लागल्यासारखे झाले, टेप गुंडाळत ती घोषणा देतच परत आली, आणि त्या गर्दीत एक मुलगा मान खाली घालून चालला होता, कारण ती टपरी त्याच्या वडिलांची होती. याचा विचार ना संस्थेने केला होता, ना मी. पानाच्या गादीवर बसून प्लॅस्टिकच्या कागदात मावा घोळणारा माणूस कोणाचा तरी बाप असतो आणि त्याच मिळकतीतून शाळेची फी येते, हे आमच्या लक्षात यायला हवे होते. पुढच्या सोमवारी मी त्या मुलाच्या वडिलांना चहाला बोलावले. ते आले, थोडे रागावले, मग म्हणाले, "बाई, चहा-बिस्किटांवर घर चालत नाही हो." त्यांनी टपरी रस्त्याच्या पलीकडे पुढे नेली आहे. आता ती अंतराच्या बाहेर आहे, एवढेच.

पालकांच्या बैठकीला १४२ पैकी सत्तावन्न मुलांच्या घरून कोणी ना कोणी आले, त्यांत वडील नऊ होते. बैठक शनिवारी सकाळी ठेवल्याने मार्केट यार्डात हमाली करणारे, एमआयडीसीत पाळी असणारे पालक येऊच शकले नाहीत. ती रविवारी संध्याकाळी असायला हवी होती. "आमची मुले अजून लहान आहेत," असे म्हणणाऱ्यांना ताईंनी २०१९ च्या जागतिक युवक तंबाखू सर्वेक्षणाचा आकडा सांगितला : भारतातील तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. मुलाच्या खोलीची झडती घेण्यापेक्षा त्याची झोप, भूक, मित्र आणि पैशांचा हिशेब यांत अचानक झालेला बदल पाहावा आणि बदल दिसलाच तर ओरडण्याआधी विचारावे, हा सल्ला व्यवहार्य होता. उपचार कुठे मिळतात, या प्रश्नावर सांगलीच्या शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागाची माहिती देण्यात आली आणि पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणचाही उल्लेख झाला. त्या वेळी एक आजोबा उठून म्हणाले, "माझा धाकटा तिथूनच बरा होऊन आला, लोक काय म्हणतील म्हणून आम्ही अकरा वर्षे कोणाला सांगितले नाही." त्यानंतर बैठक ठरलेल्या वेळेपेक्षा पाऊण तास जास्त चालली.

एका बाबतीत मात्र मी संस्थेला कडक शब्दांत लिहिले आहे. पहिल्या सत्रात ताईंनी मुलांना "तुम्ही मला जे सांगाल ते कोणालाही कळणार नाही," असे वचन दिले होते. हे वचन कोणत्याही प्रौढाने मुलाला देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. मूल स्वतःच्या जिवाचे काही बरेवाईट करण्याच्या बेतात असेल, किंवा त्याच्यावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले, तर गप्प राहणे अयोग्य ठरते आणि अत्याचाराच्या बाबतीत २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारकच केले आहे. "मी कोणाला उगीच सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर तुला सांगून योग्य माणसाला सांगेन," हे वाक्य थोडे लांब असले तरी खरे आहे, आणि मुलांना ते समजते. ताईंनी पत्राचे उत्तर दिले, चूक मान्य केली आणि तिसऱ्या सत्रापासून वाक्य बदलले.

परिणाम काय झाला, असे पालक मला विचारतात. सहा सत्रांनी किती मुले कायमची वाचली, असा आकडा कोणी छातीठोकपणे सांगितला तर त्या संस्थेला दारातूनच परत पाठवावे, असे माझे मत आहे. माझ्या डोळ्यांसमोरच्या काही गोष्टी तेवढ्या सांगता येतात. प्रश्नपेटी आम्ही प्रयोगशाळेच्या बाहेर कायमची लावली आणि पहिल्या तीन महिन्यांत तिच्यात एकोणीस चिठ्ठ्या आल्या, त्यांपैकी चार चिठ्ठ्यांवर मुलांनी स्वतःहून नाव लिहिले होते. मिसरीबद्दल विचारणारी मुलगी आजीला घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. आजीची मिसरी सुटलेली नाही, पण नातीला ती आता देत नाही. शाळेच्या मागच्या भिंतीपाशी पुड्यांचा कचरा अजूनही सापडतो, मात्र तो मुलांचा की रस्त्यावरच्यांचा हे मी सांगू शकत नाही.

पुढच्या वर्षी हीच कार्यशाळा पुन्हा घ्यायचे शाळा समितीने ठरवले आहे. अनुभवकथन पालकांच्या बैठकीत हलवायचे, बैठक रविवारी संध्याकाळी घ्यायची आणि सहा महिन्यांनी प्रत्येक तुकडीसाठी एक उजळणीचे सत्र त्याच शुल्कात द्यायचे, या अटी संस्थेने मान्य केल्या आहेत. पाच गुणांपैकी द्यायचे झाले तर साडेतीन देईन. प्रश्नपेटी आणि तीन बोटांचा प्रयोग नसता तर अडीचच दिले असते. पुस्तिका नव्याने लिहिण्याचे काम आमच्या मराठीच्या बाईंनी आणि नववीतील दोन मुलींनी अंगावर घेतले आहे. 'तीव्र लालसा' या शब्दावर काट मारून त्यांतील एकीने वर 'तलफ' असे लिहिले, आणि हा शब्द कुठून मिळाला असे विचारल्यावर म्हणाली, "बाई, घरी रोज ऐकते की." चार पाने झाली आहेत, उरलेली अठ्ठावीस दिवाळीच्या सुट्टीत व्हायची आहेत.